मुंगीला दोर लागत नाही

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी काचवाली चौदाव्या मजल्याबाहेर दोरावर बसून खिडक्या पुसत होती. पाच महिन्यांपूर्वी एकुलता एक दोर निसटून ती दुसऱ्या मजल्यावरून पडली होती आणि तिची टाच मोडली होती. आज दोरावर परतण्याचा पहिला दिवस. काम रेंगाळलं तर कायमचं फरशी पुसायला लावेन, असं मुकादमाने बजावलं होतं.

फडक्यासरशी कठड्यावरच्या चार मुंग्या खाली गेल्या. गच्चीवरून वाकून मुकादम म्हणाला, "त्या पडल्या तरी उठून चालायला लागतील. तुझं काय?"

"त्या इतक्या हलक्या, की हवाच त्यांचा वेग वाढू देत नाही. मी पासष्ट किलोची. म्हणून दोन दोर बांधलेत."

"दुसरा बांधण्यात अर्धा तास जातो, बाई."

"टाच जुळायला चार महिने गेले, मुकादम. एवढी घाई असेल तर मुंग्यांनाच कामावर ठेवा."

संध्याकाळी मुकादमाने फळ्यावर लिहिलं : पश्चिमेच्या काचा, सकाळी सात. तिने खडू घेऊन पुढे 'दोर दोन' असं लिहिलं आणि तो पुसतो का, हे पाहत ती उभी राहिली. त्याने पुसलं नाही.

उद्या ती साडेसहाला गच्चीवर येणार आहे.