फिरवामामा आणि फोमचं विमान

आमच्या मामांच्या हातात काहीही दिलं की ते आधी नाकाकडं जायचं. भाकरी, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, नवी साडी, माझं दहावीचं गुणपत्रकसुद्धा. डोळे मिटून ते एक श्वास घ्यायचे, मग वरचा ओठ डावीकडून वर चढायचा, नाकाच्या शेंड्याला सुरकुत्या पडायच्या आणि तोंडातून एकच शब्द यायचा, "फिरवा." त्यांचं खरं नाव घरच्यांशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. डेअरीत, गल्लीत, आमच्या गावात ते फिरवामामाच.

हा शब्द त्यांनी नोकरीतून घरी आणला होता. कोल्हापुरातल्या एका डेअरीत ते डॉकवर, म्हणजे दूध उतरवायच्या धक्क्यावर, कामाला होते. गावोगावच्या दुधाचे कॅन ट्रकमधून उतरायचे, झाकण निघायचं, मामा वाकून वास घ्यायचे. चांगलं असलं तर "घ्या". आंबूस, धुरकट, कडवट काही लागलं तर "फिरवा", आणि तो कॅन त्याच ट्रकनं गावाला परत. तपासायची यंत्रं नंतर आली, तोवर सगळा कारभार नाकावर होता. त्या नाकापायी मामांनी तंबाखूला हात लावला नाही, कच्चा कांदा वर्ज्य केला आणि मामींना आयुष्यभर डोक्याला वासाचं तेल लावू दिलं नाही. "नवऱ्याचं नाक सांभाळण्यात माझं केस गेलं," असं मामी आल्यागेल्याला सांगायच्या.

आमचं गाव कागलच्या पलीकडं. वडील हंगामात गुऱ्हाळावर मजुरी करायचे, हंगाम संपला की मिळेल ते काम. घर चालायचं ते दोन म्हशींवर. आई पहाटे उठून धारा काढायची, किटली गावच्या दूध संस्थेत नेऊन ओतायची, आणि त्यावर माझी शाळा, भावाचं औषध, मीठमिरची सगळं निघायचं. एके दिवशी गावचा कॅन माघारी आला. मामांनी फिरवला होता. दुपारपर्यंत उन्हात राहिलेलं ते दूध फाटलं आणि संस्थेच्या दारातल्या गटारीत ओतलं गेलं. त्याच्या वासानं माशांचं मोहोळ उठलं होतं. त्या आठवड्यात आमच्या घरात भाजी शिजली नाही. नुसत्या आमच्याच नाही, गल्लीतल्या बऱ्याच घरांत.

पुढच्या रविवारी मामा आमच्याकडं आले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही, थेट स्वयंपाकघरात जाऊन एकेक भांडं उचलून हुंगायला लागले. शेवटी दुधाच्या किटलीशी थांबले. शेजारच्या कोनाड्यात रॉकेलचा डबा होता.

"अक्का, चिमणीत रॉकेल कोण घालतंय?"

"कोण घालणार, मीच घालतो की."

"आणि त्याच हातानं धार काढतीस. अख्ख्या गावाचं दूध नासवलंस एका बोटानं."

आई पदर खोचून उभी राहिली. "सख्ख्या भणीच्या गावचा कॅन फिरवताना लाज न्हाय वाटली तुला?"

"कॅनवर भणीचं नाव लिवलेलं नसतंय, अक्का. वास लिवलेला असतोय."

"बघ हं. मी काय हे विसरणार न्हाय."

आणि ती खरंच विसरली नाही. पण त्या दिवसापासून रॉकेलचा डबा गोठ्याच्या मागं गेला आणि धारेआधी हात दोनदा धुतले जायला लागले. मला मात्र त्या माणसाचा राग होता. पुढं त्याच माणसाच्या घरात राहून मी शिकले.

इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. मामांनी प्रवेशाची पावती हुंगली आणि म्हणाले, "ऱ्हा इथं. चपला बाहेर काढायच्या, डबा आल्याबरोबर घासायचा." एवढंच स्वागत. त्यानंतर माझ्या हातचं जे जे त्या नाकापुढं गेलं ते ते फिरलं. पोह्यांना मोहरी करपल्याचा वास. माझ्या पहिल्या सर्किटला सोल्डरिंगच्या राळेचा वास. धुतलेल्या ओढणीला, "उन्हात न्हाय, सावलीत वाळवलीस. कुबट." मामी हसायच्या, मी चरफडायचे. एकदा तरी या माणसाच्या तोंडून "घ्या" ऐकायचं, असं मी मनाशी धरलं होतं. परीक्षेतल्या मार्कांपेक्षा मला ते जास्त हवं होतं.

शेवटच्या वर्षी मी एक जुनं रिमोटवर उडणारं विमान घेतलं. फोमचं, हातभर पंखांचं. राजारामपुरीतल्या एका बंगल्यातल्या मुलाला ते परदेशातून कुणीतरी आणून दिलेलं होतं. "एकदाच उडवलंय, नवंच समजा," असं तो म्हणाला. त्यांच्या गाडीच्या शेडमधल्या माळ्यावर, पशुखाद्याच्या रिकाम्या पोत्यांखाली ते पडलेलं होतं. कॉलेजच्या प्रदर्शनात ते नीट करून, नवी मोटर बसवून उडवून दाखवायचं, अशी माझी योजना होती.

मी ते रिक्षातून घरी आणलं. मामा तेव्हा निवृत्त होऊन दारात खुर्ची टाकून बसायचे. मी अंगणात पाऊल टाकलं आणि ते बसल्या जागेवरून म्हणाले, "काय मेलंय त्यात?"

"काय न्हाय मामा, विमान हाय."

"मग इमानात मेलंय."

पोटाचं झाकण काढलं. आत उंदरांनी संसार केला होता. कापूस, सरकीच्या पेंडीचा भुगा, लेंड्या, आणि एका कोपऱ्यात वाळून पापडासारखी झालेली पाल. सगळा फोम आतून मुतानं पिवळा पडलेला. त्याखाली माणसांची घाण वेगळी. तुटलेलं नाक झटपट चिकटणाऱ्या गोंदानं चिकटवायला गेले होते, त्या गोंदानं फोम खाल्ला होता, आणि पडलेलं भगदाड चक्क चघळलेल्या च्युइंगमनं भरलं होतं. त्यात दातांचे ठसे होते. सुशिक्षित, बंगल्यातली माणसं, आणि विकताना एवढंही वाटू नये.

मामांनी काठीच्या टोकानं पंख उचलून पाहिला. "फिरवा."

"फिरवायचं न्हाय मामा. नीट करायचंय."

"मग आधी धू. नासका कॅन धुतोय तसा."

मी ब्रश आणायला आत गेले तेवढ्यात मामांनी बंबातलं कढत पाणी बादलीत घेऊन त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि विमानाचं पोट त्यात बुचकळलं. मी ओरडत बाहेर आले. फोम वितळणार असं मला वाटलं. झालं भलतंच. आपटून चेपलेलं नाक कढत पाण्यानं फुगून बरंचसं मूळ आकारात आलं. फोमच्या अंगावर मात्र घामोळ्यासारखं पुरळ उठलं, ते शेवटपर्यंत राहिलं. मामांना यातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी कळल्याचा आवही आणला नाही. त्यांचं सगळं ध्यान नाकात. "मोटरीच्या मागं अजून उंदीर हाय," म्हणाले. मोटर बसवलेली लाकडी फळी मी उखडली. मागं खरंच घरट्याचा ओला बोळा होता.

पुढचे काही महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस त्या विमानावर गेला. सुटे भाग पुण्याहून यायचे. जुनी मोटर काढून मी ताकदीची नवी बसवली, गंजलेली यंत्रणा फेकून नवा रिसिव्हर घातला. सडलेला फोम ब्लेडनं कापून नवा तुकडा बेतला. पंखाच्या आतून काडी घातली, मागच्या कडेला हलत्या पट्ट्या कापल्या, म्हणजे वळण नीट घेता येईल. उडवायचा सराव कॉलेजच्या संगणकावर केला. हे सगळं मी एकटीनं केलं. वर्गातली मुलं हातात कॉफीचे कप घेऊन बघायला यायची, त्यांना मी लांब बसवलं.

प्रत्येक टप्प्याला विमान मामांच्या नाकापुढं जायचं. "गोंदाची घाण. फिरवा." "रंग कच्चा हाय. फिरवा." त्या थंडीत त्यांना मोठा ताप आला, सर्दी छातीत उतरली, पंधरवडाभर ते झोपून होते. उठल्यावर पहिल्याच दिवशी मी नवं शेपूट दाखवलं. ओठ वर चढला, सुरकुत्या पडल्या. "फिरवा." मी म्हटलं, चला, माणूस बरा झाला.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी विमान गावच्या माळावर उडवून बघायचं ठरलं. निघायच्या आधी मी नवी बॅटरी विमानाच्या पोटातच ठेवून चार्जिंगला लावली. चार्जर जुना होता, विमानाबरोबर आलेला. नव्या जातीच्या बॅटरीला तो चालेल असं मला वाटलं होतं. थोड्या वेळानं वायर काढली, झाकणावर चिकटपट्टी मारली आणि विमान मामांच्या पुढं धरलं.

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. डोळे मिटले. नाक अगदी झाकणाला टेकवलं. ओठ वर चढला नाही.

"घ्या," मामा म्हणाले.

मी विमान त्यांच्या हातातून परत घेतलं. तेवढ्यात मामी पदरानं नाक धरून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, नेलपॉलिश सांडलीस काय कुठं? कसला गुळचट वास मारायलाय, डोकं उठलं माझं."

मी विमानाला नाक लावलं. सकाळपासून रंग आणि गोंदात असल्यामुळं मला आधी जाणवला नव्हता, पण होता. गोड, झोंबणारा, किळसवाणा वास. चिकटपट्टी ओढून काढली. बॅटरी उशीसारखी फुगून तडकली होती. मी ती चिमट्यानं उचलून अंगणातल्या वाळूच्या ढिगात पुरली आणि परत आले. मामा खुर्चीत तसेच होते. मला एकेक आठवायला लागलं. सकाळी दूध नासून चहा फुटला होता, तो त्यांनी मुकाट प्यायला होता. आठवडाभर मामींनी डोक्याला खुशाल वासाचं तेल लावलं होतं.

"कधीपासनं, मामा?"

"तापातनं उठल्यापासनं. डागदर म्हणला, आता ते परत येणार न्हाय."

"मग इतके दिस फिरवा म्हणत हुता ते?"

"तोंड वाकडं करायला नाक कशाला लागतंय?" मामा म्हणाले. "फिरवा म्हटल्यानं कुणाच्या पोटात इष जात न्हाय. म्हणून म्हणत ऱ्हायलो. पण तू लई राबलीस. म्हटलं एकदा घ्या म्हणून टाकावं." आणि ते बाजूला वळून थुंकले. "थू. जन्मात पहिल्यांदा वास न घेता कॅन पास केला, आणि त्यो नासका निघाला."

त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका वाकडा झाला होता, आणि ती किळस विमानाची नव्हती. मला त्यांच्या शेजारी बसवेना आणि जवळून हलवेनाही. मी रिकामं विमान उचललं, त्याला नाक लावलं, फोममध्ये मुरलेला तो वास छाती भरून घेतला.

"मामा, फिरवा," मी म्हटलं.

"पुटपुटतीस काय? डॉकवर आवाज गेला पायजे."

"फिरवा."

"हां," मामा म्हणाले, "आता कसं."

मी झाकणाखालचा फोम कापून काढला, नवा भरला, नवी बॅटरी आणली आणि तिच्या जातीचा चार्जरही. प्रदर्शन त्या गडबडीत हुकलं. एका टीमला बक्षीस मिळालं, तिचं विमान मी जवळून पाहिलं होतं, आतून गोंदाच्या गाठीच गाठी. असो.

पुढच्या महिन्यात मी विमान गावच्या माळावर नेलं. ऊस तुटून गेलेला, चहूकडं मोकळं. मामा आले, आई म्हशी बांधून आली. मी विमान हातानं फेकलं. ते खाली गेलं, मग नाक वर करून चढलं. माळावर दोन मोठी वळणं घेतली आणि आमच्यापुढं घसरत येऊन थेट एका शेणाच्या पोवर थांबलं.

मामांनी ते उचललं. हात सवयीनं नाकाकडं निघाला आणि मध्येच थांबला. त्यांनी विमान आईकडं दिलं. "अक्का, तू बघ. माझं नाक गेलं."

आईला हे ठाऊक नव्हतं. तिनं एकदा भावाकडं पाहिलं. मग तिनं ते शेणानं बरबटलेलं विमान नाकाला लावलं, ओठ डावीकडून वर चढवला, अगदी त्यांच्यासारखा, आणि एवढ्या वर्षांचं जपून ठेवलेलं बोलली.

"फिरवा."

मामा हसले. माळावर बसून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले. त्यांना तसं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि नंतरही कधी नाही. दोन वर्षांनी ते गेले.

मी आज एका कारखान्यात माल तपासणीच्या कामावर आहे. माझ्या सहीशिवाय तिथून काही बाहेर जात नाही, आणि सही करण्याआधी मी प्रत्येक वस्तूचा वास घेते. लोक हसतात, हसोत. ते विमान मी नीट केलं, आणि ते उडालं.