पंचवीस-वीसवाल्या ताई

आमच्या फाउंड्रीच्या लॅबमधल्या ताई माणसाची ओळख करून देताना त्याचं गाव सांगत नसत, रचना सांगत. "शेठमध्ये क्रोम भरपूर, निकेल कमी. वरून चकचकीत, पण जरा ताण आला की वाकले." मी प्लॅनिंग बघायचो आणि रोज सकाळी कामांची यादी घेऊन त्यांच्या दारात उभा राहायचो, म्हणून माझ्याबद्दल, "ह्याच्यात कार्बन जास्त. कडक आहे मेला."

कांजूरमार्गच्या त्या शेडमध्ये आम्ही भट्टीच्या आत बसणाऱ्या वस्तू ओतायचो. जाळ्या, ट्रे, टोपल्या. लालभडक उष्णतेत महिनोन्महिने तग धरायचा, तर पोलाद साधं चालत नाही. क्रोमियममुळे त्याच्या अंगावर पातळ साल धरते आणि ते जळत नाही; निकेलमुळे आतून बळ येतं आणि ते वाकत नाही. कशात किती, त्यावर ग्रेड ठरतो. पंचवीस टक्के क्रोम आणि वीस टक्के निकेल हा ताईंचा लाडका ग्रेड. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर तेच, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'पंचवीस-वीस' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

धातूचा रस तयार झाला तरी ताईंनी नमुना तपासून हात वर केल्याशिवाय कुणी ओतायचं नाही. मोल्डर घामाघूम उभे असायचे आणि ताई निवांत. "आमटीत मीठ मागून घालता येतं रे. साच्यात निकेल नाही घालता येत."

एकदा अंधेरीचे एक कारखानदार आमची जाळी घेऊन तणतणत आले. "ताई, बघा. बिस्किट झालंय हिचं!"

"तुमचा भट्टीवाला जास्त तापवत असणार," ताई मान वर न करता म्हणाल्या.

"त्याला मी झापलंय. आता मला पस्तीस टक्के निकेलवाला ग्रेड द्या. नाहीतर दुसरीकडे जातो."

ते आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते गेले असते तर दुसरी पाळी बंद पडली असती, हे शेडमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. शेठ काकुळतीला आले. "ताई, पार्टी मागते ना, देऊन टाका ना!"

ताई चिडल्या की थेट मालवणीत शिरायच्या. "शेठ, माका शिकवू नकात. पंचवीस-वीसच चलतला."

शेवटी जुन्या रिवाजाप्रमाणे ठरलं. वेगवेगळ्या ग्रेडचे तुकडे ओतायचे, गिऱ्हाइकाच्याच भट्टीत टांगायचे आणि टिकेल तो खरा. एक पस्तीस निकेलचा, एक पंचवीस-वीस. ताईंनी तिसराही ओतायला लावला, अठ्ठावीस क्रोम आणि जेमतेम पाच निकेल. महादू मिस्त्रीने विचारलं, "हा स्वस्तातला कशाला?"

"हरायला कुणीतरी नको?"

काही आठवड्यांनी तुकडे गोणपाटात बांधून परत आले. पस्तीस निकेलवाला चामखिळींनी फुगला होता, हातात घेताच कड तुटली. पंचवीस-वीसही कुरतडल्यासारखा. तिसरा मात्र काळवंडलेला, पण अखंड.

"ताई, हरणारा जिंकला की!" महादू म्हणाला. ताईंनी तिन्ही तुकडे पिशवीत टाकले. ताईंनी चपला घातल्या, मला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव."

अंधेरीच्या भट्टीजवळ जाताच विझल्या फटाक्यांसारखा उग्र वास नाकात गेला. जळणाचं तेल गंधकाने भरलेलं, आणि गंधक आधी निकेललाच खातं. निकेल जितकं जास्त, तितकी नासाडी लवकर. ताई खोकत तिथंच उभ्या राहिल्या. मग भट्टीवाल्याकडे वळल्या. "तुझ्यावर उगाच आळ घेतला रे. तेल कुठलं, ते मी विचारलंच नव्हतं." आणि कारखानदारांना, "अठ्ठावीस-पाच घ्या. त्याला उष्णतेत ताकद कमी, म्हणून जाळीच्या पट्ट्या जाड करून देते."

"पण तो तर स्वस्तातला ना?"

"हो. तुमच्या भट्टीला तोच टिकतो."

कारखानदारांनी तिसरा तुकडा जमिनीवर आपटून पाहिला. मग म्हणाले, "चहा घ्या." काम आमच्याकडेच राहिलं.

त्यानंतर ताईंनी फोनवर कधी ग्रेड सांगितला नाही. मुलुंड असो वा बोरिवली, नाकाला रुमाल लावून भट्टीशी जायच्या, तेल हुंगायच्या, मगच बोलायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी सगळी तयारी केली होती. शाल, श्रीफळ, पेढे, खुर्च्या. फक्त ताईंचा पत्ता नव्हता. त्यांच्या जागी आलेल्या केमिस्टने सकाळी घाटकोपरच्या कुणाला फोनवर "पंचवीस-वीस चालेल" असं सांगितलं होतं. ते ऐकून ताई त्याला घेऊन तडक घाटकोपरला गेल्या होत्या.

संध्याकाळी दोघं परतले; भट्टी बघून झाली होती, पण तिथले मालक भेटले नव्हते. कपाळाला काजळी, साडीला तेलाचा वास. ताई हात धुऊन खुर्चीत बसल्या. शेठनी शाल घातली आणि भाषण सुरू केलं. तेवढ्यात लॅबमधून नव्या केमिस्टचा फोनवर बोलतानाचा आवाज आला, "साहेब, सकाळचं विसरा. भट्टी बघितल्यावर कळलं, मी चुकीचा ग्रेड सांगितला..."

शेठ बोलत होते. ताईंचे कान लॅबकडे होते. तिकडे फोन ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे त्यांनी हातातला पेढा तोंडात टाकला.