जावयाची डुकरीण

खानापूरच्या ओढ्याकाठी आम्ही पाच-सहा घरं डुकरं पाळायचो. आमचा माल बेळगावच्या गोऱ्या पलटणीला जायचा. सगळ्यांच्या डुकरिणींना नर मात्र एकच, शेजारच्या अण्णाचा. या माणसाला नाही म्हणणं ठाऊकच नव्हतं. नर मागा, दोर मागा, विडी मागा. मागणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो मान हलवून "व्हय" म्हणायचा. त्याच्या या भिडस्तपणाची मला चीड यायची.

त्या साली पलीकडच्या गावात डुकरिणी गाभ टाकू लागल्या. एकीचा रोग नराला लागतो आणि नराकडून सगळ्यांना, हे आम्ही पूर्वी भोगलं होतं. आणि नेमका त्याच गावचा अण्णाचा जावई नराकडं डुकरीण घेऊन आला. जावयाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

त्यानं जावयाला घोंगडीवर बसवलं, कोंबडी खाऊ घातली. डुकरीण मात्र ओढ्यापलीकडंच बांधायला लावली. हातावर पाणी घालता घालता खाली बघत म्हणाला, "जावईबापू, तुमची डुकरीण हिकडं येणार न्हाय." जावई विडा न घेताच उठला.

"लई बेस केलासा, अण्णा," मी म्हटलं. जावयाचा तसाच राहिलेला विडा उचलून तो आत गेला.

त्या खेपेला आमच्यातली एकही डुकरीण गाभडली नाही. माझ्या डुकरिणीच्या आचळांना पिल्लं झोंबलेली बघितली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

जावयानं रोगट जनावरं काढून टाकली, खोपटाला चुना मारला, उन्हाळाभर ते रिकामं ठेवलं. मग एके सकाळी रिकाम्या हातांनी सासऱ्याच्या दारात उभा राहिला.

"मामा, दोन पिल्लं..."

"व्हय."