माधवचा पक्ष

पितृपक्ष चालू आहे. आज माझ्या नवऱ्याचा, माधवचा पक्ष. पानाशेजारी ठेवायला फोटो शोधताना अधिवेशनाचा जुना बॅज हाती आला.

अमेरिकेतला त्याचा राजकीय पक्ष इतका छोटा, की राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार हॉटेलच्या अर्ध्या हॉलमध्ये ठरत होता. एकेका राज्याचं नाव पुकारलं जाई. न्यू जर्सी म्हणताच माधव उठला आणि त्याने भरल्या डोळ्यांनी, खणखणीत आवाजात आमच्या राज्याची मतं कुणाला ते सांगितलं. लग्नात माझं नाव मात्र उखाण्यात नुसतं पुटपुटला होता.

“कसं झालं गं?” त्याने बसताना विचारलं.

“उखाण्यापेक्षा बरं!”

तो हसला. मला हसू आलं नाही.

मला ऐकवायलाच त्याने नेलं होतं, हे आता कळतं. त्या पक्षाचा हेवा तरीही जात नाही. बॅज पानाशेजारी ठेवला आणि लगेच उचलला. आजचा पक्ष माझ्या एकटीचा.