अक्काची पोळी, अक्काची गोळी

वस्तू कशी आहे यापेक्षा ती कोणाची आहे, यात अक्काला जास्त रस होता. जळगावला सोनं घ्यायला गेली तर दागिन्याआधी दुकानाची पाटी वाचायची. चहा, काडेपेटी, शिवणाचा दोरा, सगळ्यांची कंपनी ठरलेली. बिननावाची वस्तू पारोळ्याच्या आमच्या घरात येत नसे. ती माझी मोठी जाऊ. मी शाळेच्या ग्रंथालयात होते, म्हणून तिच्या लेखी मी 'पुस्तकवाली'.

तिचंही नाव होतं, खापराच्या पोळीत. पुरण भरलेला गोळा हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि पेटत्या चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या की आमरसाबरोबर गल्लीला अक्काचीच पोळी लागायची.

मग तिची पाळी जायचे दिवस आले. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, पदर भिजायचा, झोप तर उडालीच. त्या आखाजीला दोन पोळ्या करून ती चुलीपुढून उठून गेली. उरलेल्या मी केल्या. सगळ्या फाटल्या. घरातल्या पुरुषांनी गंभीर विचार केला. "पंखा वाढवा," तिचे यजमान नाना म्हणाले, आणि त्यांचं वैद्यकशास्त्र तिथेच संपलं. अक्काची भीती वेगळी होती. "खापर सुटनं ते मंग मी कोन शे?"

मी तिला धुळ्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. तपासण्या करून त्यांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, "महागडी कंपनीच हवी असं नाही. जेनेरिक घ्या. औषध तेच, प्रमाण तेच."

अक्कानं माझ्याकडे बोट केलं. "पीठ तेच, पुरण तेच, खापर बी तेच. मंग हिनी पोळी का बरं फाटस?"

"अहो, गोळ्या यंत्रावर होतात, अक्का," त्या म्हणाल्या.

"यंत्र बी कोनं तरी व्हईलच ना."

डॉक्टरबाई हसल्या आणि हरल्या. कंपनीची गोळी आली. तिचा खोका देवघराच्या फळीवर, नाव दिसेल असा उभा राहिला. अक्का झोपू लागली. पुढे ती गोळी बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरबाईंना विचारून जेनेरिक आणली. अक्का ती कडू काढा प्यावा तशा चेहऱ्यानं गिळायची.

पुढच्या आखाजीला ती शेवटच्या पोळीपर्यंत खापरापुढून हलली नाही. मी शेजारी गोळे भरून देत होते. न राहवून म्हणाले, "अक्का, कितीतरी महिने जेनेरिकच चालू आहे बरं."

"तो आधीनी कंपनीना असर शे," ती म्हणाली. गोळ्या चालू होत्या तोवर दर आखाजीला तो असर टिकून होता.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेली. यंदा आखाजीला तिच्या नावाची घागर भरली. मग खापरापुढे मीच बसले. पहिली पोळी फाटली. दुसरी कशीबशी टिकली. पुढच्या नीट उतरल्या.

शेजारच्या सुमनबाईंनी रसात घास बुडवून खाल्ला. मग म्हणाल्या, "पुस्तकवाली, ही ते अक्काना हातनी चव शे."

मी पुढचा गोळा हातावर घेतला. "आधीच्या कंपनीचा असर आहे," मी म्हणाले.