दुप्पट गूळ

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा बाकी सगळं सांगून होतं आणि हे तेवढं राहतं — म्हणजे मीच राहू देते. मग तुम्हाला का सांगतेय? कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या भाजीबाजारात समोर आलात तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. बघा, कबूल करायला बसले तरी आधी स्वतःची सोय पाहिलीच.

मी रसायनशास्त्राची. डोंबिवलीच्या इंडस्ट्रियल एरियात रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात, संशोधन विभागात, माझी सगळी नोकरी झाली. आज त्या विभागाची प्रमुख आहे. कॉलेजं मला भाषणाला बोलावतात. शाल, श्रीफळ आणि विषय बहुधा हाच — संशोधनातलं अपयश कसं पचवावं. मी छान बोलते, अगदी गळा दाटून वगैरे. पुढच्या रांगेतल्या मुली भराभर लिहून घेतात. त्यांना कसं सांगू, की जे अपयश मी सर्वात जवळून पाहिलं, ते अपयश नव्हतंच?

पण हे उलट्या बाजूने झालं. वसुधापासून सुरू करायला हवं.

वसुधा सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. आंबिवलीहून यायची. आमची टेबलं शेजारी, डबे एकत्र, आणि साडी घ्यायची तर एकमेकींना विचारल्याशिवाय नाही. मैत्रीण म्हणतात ती हीच. कारखान्याचं रंगीत सांडपाणी हा तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप होता. रंग उतरवायला आम्ही त्यात रसायनं ओतायचो आणि मग त्या रसायनांचा चोथा कुठे टाकायचा, हा नवा प्रश्न उभा राहायचा. वसुधाला ते पटत नव्हतं. मागच्या नाल्याचं पाणी कधी जांभळं वाहायचं, कधी लाल. त्याच्या काठाला एका जागी चिखलात हिरवंगार गवत आलेलं तिने पाहिलं. म्हणजे त्या मातीत असं कुणीतरी आहे, म्हणाली, ज्याला हा रंग पचतो. गेली बादली घेऊन आणि तो चिखल उचलून आणला. सगळे हसले. मीही हसले, पण बादलीची दुसरी बाजू धरायला मीच गेले होते. हे सांगायचं नव्हतं खरं तर. स्वतःच्या बाजूने काहीतरी निघतंच तोंडातून.

प्रयोगशाळेमागच्या शेडमध्ये तिने एक मोठं निळं पिंप मांडलं. खालून ब्लोअरने हवेचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे जिवाणू श्वास घेतात. वाढायला त्यांना गुळाचं पाणी आणि थोडा शेणकाला — सांडपाण्याच्या कामात हे नवीन नाही, बरेच जण करतात. वसुधाचं कसब पुढचं होतं. ती गूळ अगदी किंचित कमी करत जायची आणि कारखान्याचं रंगीत पाणी किंचित वाढवत. तान्ह्या मुलाला दुधावरून वरणभातावर आणतात, तसं. पाणी जास्त झालं की ते मरगळायचे, मग ही पुन्हा मागे यायची. आम्ही त्या खाण्याला खाऊच म्हणायचो. 'खाऊ घातलास का गं?' हे वाक्य मी दिवसातून कितीदा ऐकलं असेल!

दोन-अडीच वर्षं हे चाललं. आणि एका सकाळी, पिंपातला गाळ घालून ठेवलेल्या बरणीतलं लालभडक पाणी कोऱ्या चहाइतकं फिकं झालेलं होतं. वसुधा ती बरणी छातीशी धरून शेडमध्ये नुसती उभी होती. मग रडली, मग हसली, मग मला म्हणाली, 'अगं, खाल्लं गं त्यांनी!' मला तिचा इतका अभिमान वाटला. आणि — आता बोलतेच आहे तर — पोटात कुठेतरी थोडं दुखलंही. किती थोडं? ते मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

ठाण्याच्या मुख्य कार्यालयातून मोठे साहेब हा प्रयोग पाहायला येणार, पसंत पडला तर खरीखुरी टाकी बांधायची, असं ठरलं. त्याच आठवड्यात वसुधाच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तिने रजा घेतली आणि पिंप माझ्या ताब्यात दिलं. जाताना म्हणाली, 'खाऊ कमी पडला तरी चालेल गं, पण हवा बंद नको. उपाशी राहतील ते, गुदमरायला नकोत.'

आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते, आणि विजेची दुरुस्तीही त्याच दिवशी काढतात. वीज आली तरी आमचा ब्लोअर आपोआप सुरू व्हायचा नाही, बटण दाबावं लागायचं. म्हणून शुक्रवारचा नियम ठरलेला होता — वीज येईपर्यंत थांबायचं, ब्लोअर लावायचा, आणि मगच खाऊ. हवा नसताना खाऊ घातला तर जिवाणू अधाशासारखे त्याच्यावर तुटून पडतात, पाण्यातला उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि सगळं सडतं. मला हे माहीत नव्हतं? मी रसायनशास्त्राची आहे हो. मला हे तोंडपाठ होतं.

त्या शुक्रवारी मला बहिणीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला ठाण्याला जायचं होतं. वीज जायच्या आधीच मी सकाळी खाऊ घालून टाकला. आणि परतायला उशीर झाला तर म्हणून — दुप्पट गूळ घातला. आपण बाहेर जाताना मुलांसाठी जास्तीचं करून ठेवतो ना, तसा. जणू माया होती माझी! माया कसली, मला पुन्हा यायचा कंटाळा होता.

परतताना शीळफाट्याला आमची भाड्याची गाडी अडकली. तिथेच वॉचमनचा फोन आला, 'मॅडम, लाईट आलेली आहे हां.' 'हो, येतेच,' म्हटलं. शेडची किल्ली माझ्याच पर्समध्ये, त्यामुळे त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. पुढे रस्ता मोकळा झाला. कारखान्याच्या वळणावर आमची गाडी आली, तेव्हा मांडीवर साड्यांच्या पिशव्या होत्या, डोकं दुखत होतं. एका रात्रीने काय होतंय? ड्रायव्हरला म्हटलं, सरळ घरी घे.

शनिवारी सर्वांच्या आधी पोचले. किल्ली लावतानाच कुजक्या अंड्यांचा वास आला. तपकिरी गाळ काळाठिक्कर पडला होता. वर एक बुडबुडा नाही.

तरीही सगळं संपलेलं नव्हतं, हे तुम्हाला कळायला हवं. फ्रीजमध्ये वसुधाने त्याच गाळाची एक बाटली जपून ठेवली होती. तिच्यापासून पुन्हा उभं करायला काही महिने लागले असते, साहेबांची भेट पुढे गेली असती, मला बोलणी बसली असती. एवढंच. एका वाक्याचं काम होतं — वसुधा, माझ्याकडून चूक झाली. ती आधी रडली असती आणि संध्याकाळी बाटली बाहेर काढून कामाला लागली असती. मी तिला ओळखत होते ना!

मी पिंप गटारात रिकामं केलं. धुतलं. कारखान्याच्या सांडपाण्याच्या मोठ्या टाकीतला, रंग न पचवणारा साधा गाळ बादल्यांनी आणून त्यात भरला. रंग तोच, वासही तसाच. लोक यायला लागले तेव्हा ब्लोअर झकास चालू होता आणि मी हात पुसत चहा मागवत होते.

वसुधा रजेवरून आली, तिने सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला आणि बराच वेळ डोळा काढला नाही. 'काही बदललंय का गं? ही मंडळी ओळखीची वाटत नाहीत.' आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, 'तूच रजा टाकून गेलीस, रुसलेत तुझ्यावर.' ती हसली. ते हसू अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

साहेबांसमोर बरणीतलं पाणी सुरुवातीला लाल होतं तसंच शेवटपर्यंत लाल राहिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशीही पाहिलं. मग मीटिंग बसली. आमचे तेव्हाचे प्रमुख जोगळेकर सर चिडले नव्हते, त्यांनी सरळच विचारलं — मग आधी रंग उतरायचा तो कसा?  वसुधा कागद उलटेपालटे करत राहिली.

मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं हा भित्रेपणा झाला असता, आणि तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित आज हे सांगत नसते. पण मी बोलले. शांतपणे, अभ्यासू आवाजात म्हणाले, 'सर, कदाचित जिवाणू रंग खातच नसतील. रंग नुसता गाळाला चिकटून बसत असेल. आता गाळाची चिकटवून घ्यायची ताकद संपली.' शास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनतोड शंका होती. असं होतंही. सरांनी मान हलवली. आणि वसुधानेही हलवली — माझ्याकडे वळून, हळूहळू, जणू मी तिला काहीतरी समजावून सांगितलं होतं. ती प्रामाणिक होती. आपलं चुकलं असं कुणी नीट दाखवलं, तर ते मान्य करायचं, एवढंच तिला ठाऊक.

नंतर कॅन्टीनमध्ये मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. 'होतं गं असं संशोधनात,' म्हणाले. पुढे फ्रीज साफ करताना एकाने ती बाटली वर धरून विचारलं, ही कुणाची? 'टाकून दे, नको ती आता,' हेही मीच म्हणाले. इतकं सगळं एकाच माणसाने करायचं म्हणजे चिकाटी लागते, नाही का?

वर्षाच्या आत वसुधाने नोकरी सोडली. कुणी सोडायला सांगितली नव्हती. कल्याणच्या एका शाळेच्या ऑफिसात लागली, अजून तिथेच आहे. दाखले, फी, हजेरी. आमचं जाणं-येणं सुटलं नाही. सुटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. ती मात्र दर दिवाळीला न चुकता फराळ घेऊन यायची.

या जूनमध्ये मी तिच्याकडे गेले होते. तिची मुलगी इरा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली, बायोटेक्नॉलॉजीला जायचं म्हणून हटून बसलेली. पोह्यांच्या ताटल्या समोर ठेवत वसुधा तिला म्हणाली, 'मी केलंय ते सगळं, इरा. अडीच वर्षं पिंपातल्या चिखलाला गूळ भरवत होते आणि वाटायचं, मी शोध लावतेय. त्याला वेगळं डोकं लागतं गं. ते आपल्याकडे नाही, त्यात लाज कसली? विचार हवं तर मावशीला, ती होती तिथे.' यात कडवटपणा नव्हता. तिचा त्यावर विश्वास होता. इतकी वर्षं ती तोच विश्वास घेऊन शाळेच्या खिडकीत बसली होती.

इरा माझ्याकडे वळली. 'मावशी, खरंच असं झालेलं का? आई उगाच स्वतःला कमी समजते यार. तू सांग ना.'

खोलीत आम्ही तिघीच. माझी बढती होऊन गेलेली, निवृत्ती तोंडावर आलेली. गमवायला माझ्याकडे काय होतं? वसुधा, फक्त. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्या बाजूने बोलेन अशी तिला खात्री होती.

मी म्हणाले, 'आई सांगते ते ऐक, बाळा.'

इराने कॉमर्सला प्रवेश घेतला. वसुधाचा फोन आला होता — 'तुझ्यामुळे ऐकलं हो तिने, माझं कुठे ऐकत होती!' मी म्हटलं, 'असू दे गं, त्यात काय.'