काळ्या बिअरचा वास

आमचे शेजारी चिंचोळी एमआयडीसीतील एका बिअर कारखान्यात चव तपासतात. भाजी घेतानाही ते जुडी आधी नाकाशी नेतात आणि मगच भाव विचारतात. गेल्या महिन्यातील तापानंतर मात्र त्यांना वास येईनासा झाला. कारखान्यात हे कोणाला ठाऊक नव्हते.

रविवारी ते लाकडी पिंपात मुरवलेली काळी बिअर पेल्यात घेऊन आमच्याकडे आले.

"गुरुजी, पिऊ नका, वहिनी मलाच बाहेर काढतील. नुसता वास सांगा की. उद्या कारखान्यात लिहून द्यायचंय."

मी क्रमाने सांगितले: करपलेला गूळ, भाजलेल्या शेंगांची टरफले, शेवटी ओले लाकूड. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवले, एक घोट घेतला आणि कागद फाडला.

"हे तुमचं नाक हाय, गुरुजी. सायबांना खरंच सांगतो. काढलं तर काढलं."